मामांचं पिंप मी धुतलं

मोंतेपुल्चानो, गुरुवार, दिनांक १३ मार्च १९५८, सकाळचे दहा वाजून वीस मिनिटं. मामांच्या माळ्यावर पालथ्या बादलीवर बसून नखांत अडकलेला सोडा काडीनं काढत होतो. उजवा हात झाला, डावा राहिला आहे.

तीर्थस्वरूप एर्सिलिया मावशीस, धाकट्या बहिणीचा मुलगा नेल्लो याचा वाकून नमस्कार. गुडघे कसे आहेत? (डावा जास्त दुखतो असं आई म्हणाली होती. उजवा असल्यास कृपया तसं वाचावं.) मी बरा आहे. पोट किंचित बिघडलं आहे, त्याचं कारण कोंबडी. ती ओघानं येईलच.

ओरेस्ते मामांनी मला इथे आठवडाभर बोलावलं आहे, हे आईनं तुम्हाला कळवलं असेल. त्यांना मूलबाळ नाही, हाताखाली कायमचा माणूस हवा आहे, आणि सान जुझेप्पेच्या सणापर्यंत, म्हणजे येत्या बुधवारपर्यंत, मी पसंत पडलो तर ग्रोसेतोच्या औषधाच्या दुकानात परत जायला नको. तुम्हाला माहीतच आहे, पाचवीनंतर शाळा सुटली आणि गेली नऊ वर्षं मी त्या दुकानाच्या तळघरात बाटल्या धुतो आहे. काम वाईट नाही, पण तिथे खिडकी नाही. मामांच्या माळ्याला तीन आहेत, आणि एकीतून थेट तळं दिसतं.

तर मंगळवारी मामांनी विन सांतोचं, म्हणजे आपल्या त्या गोड वाइनचं, एक छोटं पिंप फोडलं. पाच वर्षांनी उघडलेलं. (बाकीची चार पिंपं लाखेनं बंद केलेली आहेत, तीन वर्षांच्या आत उघडली तर आतला माल गेला.) वाइन बाटल्यांत भरून मामा बूच आणायला खाली बाजारात गेले. मला म्हणाले, बाटल्या खाली नेऊन ठेव. मी ठेवल्या. एकूण एकतीस. मग वेळ उरला. पिंपात डोकावलो तर तळाशी चार बोटं गाळ, तपकिरी, बुळबुळीत. आमच्या दुकानात असा गाळ बाटलीत राहिला तर गिऱ्हाईक दगावतं, त्यामुळे मला राहवलं नाही. कढत पाणी, सोडा, आत साखळी टाकून गडगडवणं, मग तीन पाण्यांनी विसळणं. पिंप इतकं लख्ख झालं की मी स्वतःच्या कामावर खूश होतो. (ही खुशी पावणेदोन तास टिकली.) गाळ खिडकीतून मागच्या अंगणात ओतला.

अंगणात झेलिंदा मामींच्या कोंबड्या असतात. दुपारी त्यातली एक भिंतीला टेकून उभी होती, दुसरी गोल गोल फिरत होती, आणि तांबडीनं तर मामींच्या चपलेवर चढून मान टाकली. मामी म्हणाल्या, साथ आली गं बाई, आणि इतरांना लागण नको म्हणून तांबडीला कापलं. रात्री रस्सा. मामांनी पहिला घास घेतला, थांबले, वास घेतला, माझ्याकडे पाहिलं, आणि दुसऱ्यांदा वाढून घेतलं.

जेवताना मामा सांगू लागले, की पिंपाच्या तळाचा तो गाळ म्हणजे विरजण, त्याला इथे आई म्हणतात, आणि आपल्या घरातली ही आई मामांच्या पणजोबांपासूनची. बुधवारी तिच्यावरच नवा रस ओतायचा. ती नसेल तर पिंपात पडेल ते नुसतं गोड पाणी. पुढे म्हणाले, लग्न होऊन जाणाऱ्या मुलीला यातली एक पळी द्यायची रीत आहे. इथे त्यांनी तुमचं नाव घेतलं. पुढचं लिहीत नाही. पोटाचं कारण हेच. कोंबडीवर मी उगाच आळ घेतला.

कळावे, लोभ असावा.

ता. क. मावशी, त्या एका पळीतली थोडी तुमच्याकडे अजून असणार. बुधवारच्या आत गुपचूप पाठवाल का? मामांना कळलं तर मी पुन्हा तळघरात. बरणी कृपया धुऊ नये.

दुसरा ता. क. बारा वाजून पाच मिनिटं. मामा वर आले. चष्मा खाली राहिला म्हणून पत्र मलाच मोठ्यानं वाचायला लावलं. मी वाचलं, वरचा ता. क. धरून. मग म्हणाले, "अरे औषधवाल्या, पहिल्या घासालाच कळलं मला. सत्तावन्न वर्षं तो वास घेतोय. म्हटलं, किती दिवस गप्प बसतो बघू." मी विचारलं, सामान बांधू का? म्हणाले, "आधी लिही. एक पळी म्हणे! दोन नेल्यान तिनं, मी दाराआड उभा होतो. त्यातली एक आण म्हणावं. आणि टपालानं नको, बरणी फुटेल. तिनं स्वतः मांडीवर धरून आणायची."

सत्तावीस वर्षांत तुम्ही दोघं बोलला नाहीत, म्हणून मी भीतभीत विचारलं, आणि मावशी नाही आल्या तर? मामा तळ्याकडच्या खिडकीशी गेले. म्हणाले, "तर तू जा ग्रोसेतोला. आणि मी ओततो गोड पाणी."

हिशेब: बसभाडं १८० लिरा, सोडा ४०, टपालाचं तिकीट २५, एकूण खर्च २४५. देणं: मामींना एका कोंबडीचे ९००. येणं: तुमच्याकडून एक पळी, सन १९३१पासून. मामा म्हणतात व्याज माफ, पण बुधवारी जेवल्याशिवाय जायचं नाही. बस सव्वानऊला वेशीपाशी येते. मामा तिथे सहज उभे असतील.