यादीत नसलेला माणूस

काक्कनाड, कोची
९ जानेवारी

ती. चेचीस,

ईशो मिशिहाला स्तुती असो. वि. वि.

पाठवलेला नाताळचा केक मठाच्या जाळीपलीकडे पोचला, की मदर सुपीरियरनी वाटेतच फस्त केला, ते आधी कळव. पिंडी पेरुन्नाळच्या सणाला ओल्लूरला जाऊन आलो. आपले काका लोनपापन यंदाही चर्चच्या गायकांच्या पहिल्या रांगेत होते. जेवताना कूर्काचे कंद घातलेलं डुकराचं मटण चापत, शेजारचा आंतोणी कुठे कुठे बेसूर झाला ते मला मोजून सांगत होते. डोळे गेले म्हणून देवाने त्यांना चार कान दिलेत, असं बाबा म्हणायचे ते खरंच.

नवी बातमी म्हणजे आमची ‘चेवी’ कमावती झाली. जे फुकट वाटतोस ते कमावतं कसं, असं तू विचारशीलच. अंध लोकांना मल्याळम वाचून दाखवणारी ही वस्तू कालही फुकट होती, उद्याही राहील, आणि तिचा कोड कुणीही उघडून बघावा. पण वापरणाऱ्याला वाटलं, तर आता तो ती घडवणाऱ्यांना थेट पैसे पाठवू शकतो. मधे ना कंपनी, ना दलाल. आम्हा सगळ्यांच्या नावांची यादी आहे, प्रत्येक नावापुढे एक बटण. दोहात मालिशचं काम करणाऱ्या एका अंध माणसाने माझ्या नावापुढचं बटण दाबलं आणि लिहिलं, की बायकोचे निरोप आता त्याला खोलीतल्या मित्राकडून वाचून घ्यावे लागत नाहीत. चेची, मी रडलो. खोटं कशाला सांगू?

एक काळजी आहे. पापनच्या खोलीची इमारत पाडणार आहेत, आणि ओल्लूरातली भाडी त्यांना झेपणारी नाहीत. आमच्याकडे या म्हटलं, तर म्हणतात, पाहुणा दोन दिवस गोड. शिवाय, म्हणतात, तुझ्या चौथ्या मजल्यावर चर्चची घंटा ऐकू येत नाही, सकाळ झाली हे मला सांगणार कोण?

प्रार्थनेत या धाकट्या भावाची आठवण असू दे.

तुझा,
जिंटो


कार्मेल मठ, कोट्टयम
२ फेब्रुवारी

चि. जिंटोस,

ई. मि. स्तु. आणि अनेक आशीर्वाद.

केक पोचला. मदरनी दोन तुकडे घेतले, उरलेल्यात आम्ही अठरा जणी. तुझं यश वाचून फार बरं वाटलं. दोहाच्या त्या भावासाठी रोज एक जपमाळ म्हणते.

पण एक विचारते. पापन रोज सकाळी सहाला तुला फोन करतात आणि चेवीने कुठला शब्द कसा बिघडवला ते सांगतात, असं तूच मला म्हणाला होतास. नऊ वर्षं झाली त्याला. मग त्या यादीत त्यांचं नाव कितवं? पत्रात तू त्याबद्दल अवाक्षर काढलं नाहीस, म्हणून शंका आली. नाव नसेल तर तुझा कान पिरगाळायला माझा हात जाळीतून बाहेर येत नाही, हे तुझं नशीब.

मी काही मोठं मागत नाही. त्यांच्या नावापुढचं बटण दहा-पंधरा जणांनी दाबलं, तरी ओल्लूरात एक खोली होईल. तू दिलेले पैसे ते घेणार नाहीत, आपल्या बाबांकडूनही कधी घेतले नव्हते. कष्टाचे असतील तर ताठ मानेने घेतील. त्यांचं चर्च आणि त्यांची घंटा सुटू देऊ नकोस.

लवकरच मोठा उपास लागेल. त्या पन्नास दिवसांत आम्ही पत्रं लिहीत नाही आणि आलेली मदर कुलपात ठेवतात, ती ईस्टरला मिळतात. तेव्हा माझ्या होकाराची वाट न बघता कामाला लाग.

तुझ्या भल्याची सदैव इच्छा करणारी,
चेची


काक्कनाड
५ मार्च

ती. चेचीस,

ई. मि. स्तु. वि. वि.

हे तुला ईस्टरलाच मिळेल, ठाऊक आहे. तरी लिहितो.

पापनचं नाव यादीत नाही. यादी कुणी हाताने लिहीत नाही गं. ज्याने कोडमधला बदल स्वतः पाठवला, त्याचं नाव यंत्र आपोआप घेतं. पापन फोनवर चूक सांगतात, दुरुस्त मी करतो आणि ती माझ्या नावावर चढते. हाताने नाव घालता येतं, पण घालायचं नाही हा नियम मीच केला होता. चेवीचा कोड लिहिणारी पोलंडची आमची माणसं कामाला चोख. त्यांना काय सांगू, की माझ्या काकाने काही लिहिलं नाही, नुसतं ऐकलं? आणि पैसे सुरू झाल्यावरच नेमका काका उगवला, तर लोक काय म्हणतील? पुढच्या आवृत्तीच्या वेळी सगळ्यांना विचारून रीतसर घालतो. ईस्टरनंतर नक्की.

पापन मागच्या आठवड्यात वृद्धाश्रमात गेले. ओल्लूरपासून बरंच लांब आहे. सामानाची पेटी मीच उचलली. आत शिरल्यावर त्यांनी खिडकी कुठे आहे ते विचारलं आणि बराच वेळ तिथे कान देऊन उभे राहिले. मग म्हणाले, बरी आहे जागा. फोन रोज येतो, पण आता सातला, सहाला तिथे प्रार्थना असते. रविवारी भेटायला जायचं होतं, कामामुळे राहिलं.

रागावू नकोस.

तुझा,
जिंटो


काक्कनाड
३० मार्च

ती. चेचीस,

ई. मि. स्तु.

मदरनी तुला सांगितलं असेलच. शुक्रवारी सातला फोन आला नाही. मी कामात होतो. बरं झालं, आज कटकट नाही, असं माझ्या मनात आलं. हे मी फक्त तुलाच लिहितोय. साडेआठला तिथल्या सिस्टरचा फोन आला. पापन झोपेतच गेले होते.

पुरून आलो त्याच्या दुसऱ्या दिवशी यादी उघडली आणि हाताने त्यांचं नाव घातलं. त्यांनी काय केलं तेही लिहिलं. कुणाला विचारलं नाही. पोलंडच्या माणसाने तासाभरात विचारलं, की हे आधीच का नाही केलंस. चार दिवसांत दोनशेवर लोकांनी त्यांच्या नावापुढचं बटण दाबलं. एका अंध मुलीने लिहिलं, की यात कुणीतरी आमच्यातलं असणार, असं तिला पहिल्यापासून वाटायचं. आणि नावाखाली एकच ओळ येते, की या व्यक्तीने अजून पैशांचा स्वीकार केलेला नाही.

एकच समाधान आहे, चेची. अशी काही यादी आहे आणि तीत आपण नाही, हे पापनना माहीतच नव्हतं. मी कधी बोललो नाही, त्यांनी कधी विचारलं नाही. निदान ते दुःख घेऊन ते गेले नाहीत.

तुझा,
जिंटो


कार्मेल मठ
१० एप्रिल

चि. जिंटोस,

ई. मि. स्तु. आणि आशीर्वाद.

काल मिस्सा संपल्यावर मदरनी कुलपातली पत्रं दिली. तुझी दोन होती आणि तिसरं जाड कागदाचं, ब्रेलमधलं. लहानपणी पापनच्या मांडीवर बसून मी ती टिंबं शिकले होते. बोटं आता बोथट झालीत, पूर्ण संध्याकाळ लागली वाचायला.

ते तुझ्यापासून लपवावं, असं फार वाटलं. पण तुझ्या त्या एकाच समाधानावर तू पुढची चाळीस वर्षं काढशील, आणि ते खोटं आहे हे मला ठाऊक असताना मी गप्प बसेन, हे माझ्याने होणार नाही. रात्रभर प्रार्थना केली, तरी दुसरं उत्तर मिळालं नाही. मधला भाग जसाच्या तसा उतरवते.

“इथे पेज पातळ मिळते, माणसं बरी आहेत. घंटा नाही, पण एक कोंबडा आहे, तो वेळेचा कच्चा. जिंटोच्या चेवीची नवी आवृत्ती आली की मी आधी तिच्यातली माणसांची यादी लावतो. तिलाच तिची माणसं वाचायला लावतो. या खेपेला सदुसष्ट नावं आहेत. पोलंडवाल्यांपाशी ती अशी अडखळते की हसू येतं. ‘ल’ जवळ आला की मी जरा सरसावून बसतो, तुझ्यापाशी लबाडी कशाला करू? यादी संपली की वाटतं, मधे डुलकी लागली असेल. म्हणून पुन्हा एकदा लावतो. जिंटोला यातलं काही सांगू नकोस. पोरगा आधीच कामाने वाळलाय, उगाच मनाला लावून घेईल.”

त्यांनी सांगू नकोस म्हटलं होतं आणि मी सांगितलं. त्यांची क्षमा मी रोज मागेन. तुझी आज मागते.

ईस्टरचं जेवण कुणालाच गेलं नाही. तू जेवत जा.

हे वाचल्यावर तुला पटणार नाही, पण माझा जीव तुझ्यावर पूर्वीइतकाच आहे.

तुझी,
चेची