लग्नाचे बूट आणि गोठलेलं तळं

३ फेब्रुवारी
पंधराला कायसाचं लग्न. पोरीला चर्चमध्ये हात धरून मीच नेणार, आणि ऐटीत नेणार. नवे काळे बूट आणले. चावतात. लेम्पी म्हणते, बदलून आण. बायकोला चामड्यातलं काय कळतं? घालून घालून सैल होतात.

५ फेब्रुवारी
संकल्प : लग्नाच्या जेवणातले मासे मीच धरणार. तळ्यावरच्या बर्फाला भोक पाडून. तेही याच बुटांत, म्हणजे दोन्ही कामं उरकतील. मेहुणा रेइनो म्हणाला, आर्वो, उणे तीस आहे, तळ्यावर बर्फातच माझी मासेमारीची झोपडी आहे, तिथे येऊन बस, स्टोव्ह आहे. मिशिगनच्या या टोकाला जन्मलेल्या माणसाला थंडी शिकवतो! म्हटलं, झोपडीत म्हातारे बसतात. त्याने माझ्या बुटांकडे पाहिलं आणि कॉफी नाकातून काढली.

८ फेब्रुवारी, सकाळ
तळ्यावर. पायांना मुंग्या. मग कळा. सहन करतोय.

दुपार
वा! दुखायचं थांबलं. बूटही चावत नाहीत. शेवटी थंडीनेच हात टेकले. मासा नाही, पण बूट मात्र सैल झाले.

संध्याकाळ
पायांची बोटं पांढरीफटक. टकटक केलं तर लाकडासारखी वाजतात. आजोबांचा उपाय केला : बर्फाने खसाखसा चोळली आणि सॉनात, म्हणजे आमच्या वाफेच्या गरम खोलीत, जाऊन बसलो. रेइनो बाहेरून बोंबलत होता की चोळू नकोस, भाजशील, डॉक्टरकडे चल. हा मला सॉना शिकवणार! पाय शेगडीला टेकलेत हे मात्र वासावरून कळलं.

९ फेब्रुवारी
रात्रभर केकाटलो. लेम्पीला वाटलं, अंगणात कोल्हा आलाय. बोटांवर द्राक्षांएवढे फोड. हॉस्पिटल. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, बोटं वाचतील की नाही ते आत्ताच सांगता येत नाही, पण पाय जमिनीला लावलात तर नक्की जातील. घाबरलो. खरंच घाबरलो. लग्नात चालण्याचं विचारलं, तर बाई ऐकूच आलं नाही असं करून निघून गेल्या.

१२ फेब्रुवारी
रेइनोने टोपलीभर मासे धरले. झोपडीत बसून. त्यात काय मोठंसं! कायसाने हळूच विचारलं, बाबा, मग मी रेइनोमामाचा हात धरू का? म्हटलं, मेलो तरी नाही. मग रडलो. गोळ्यांमुळे.

१५ फेब्रुवारी
व्हीलचेअर. पायांना उशीएवढी बँडेजं. कायसाने फुलांचा गुच्छ माझ्या मांडीवर टाकला, पांढरा झगा वर खोचला आणि स्वतःच मला ढकलत निघाली. मध्येच गालिच्यात चाक अडलं. दात-ओठ खाऊन लोटलं पोरीने. पोचलो एकदाचे. पास्टरने विचारलं, नवरीला कोण घेऊन आलंय?

ताठ बसून म्हणालो, मी.

अख्खं चर्च हसलं. लेम्पी सगळ्यात मोठ्याने.