डबल बेल द्यायची कोणी?

तीर्थरूप मामांस, आणि मामींसही (कारण पाकीट आधी त्याच फोडतात),

भाच्याचा दोघांना वाकून नमस्कार. मामा, तुमच्या डोळ्याची पट्टी निघाल्याचं ताईकडून कळलं. आता नीट दिसतंय ना? डॉक्टरांनी ऊन टाळायला सांगितलंय म्हणे. तुम्ही टाळणार नाही हे मला ठाऊक आहे, तरी भाचा म्हणून लिहायचं ते लिहिलं. मामींची पाठ कशी आहे? बादल्या उचलू नका म्हणावं. इकडे आम्ही सगळे ठीक. (हे 'ठीक' मी सवयीने लिहिलंय. त्यावर किती विश्वास ठेवायचा ते पत्र वाचून झाल्यावर ठरवा.)

मामा, तुमच्या खटपटीने मी कंडक्टर झालो, त्याला आता वीसेक वर्षं होत आली. पैशाची बॅग खांद्याला अडकवून मी मजेत होतो. पण आमच्या डेपोने मोठ्या गाड्या कमी करून मिनीबस आणल्या आहेत, आणि मिनीबसमध्ये कंडक्टर नसतो. ड्रायव्हरच दारात तिकीट फाडणार आणि तोच गाडी हाकणार. आम्हा कंडक्टर मंडळींना साहेबांनी केबिनमध्ये बोलावून चहा पाजला. (तेव्हाच मी ओळखायला हवं होतं. या साहेबांनी आजवर कोणाला पाणीसुद्धा विचारलेलं नाही.) चहा घशाखाली उतरतोय तोवर त्यांनी सांगून टाकलं, की मिनीबस आणि त्याहून मोठ्या गाड्यांचं लायसन काढा आणि चाकावर बसा, नाहीतर घरी बसा. परीक्षेला संधी तीन. तिसऱ्यांदा नापास, तर पुढच्या महिन्यापासून नोकरी नाही. मी मनात म्हटलं, हात्तिच्या! मेव्हण्याच्या छोट्या गाडीवर काढलेलं लायसन आहेच, आणि अर्धं आयुष्य बसमध्ये गेलंय. आपल्याला कोण नापास करतो! मामा, रोज न्हाव्याच्या दुकानात पेपर वाचत बसणाऱ्याला दुसऱ्याची दाढी करता येते का, हे तेव्हाच मला कोणीतरी विचारायला हवं होतं.

शिकवायला तयार झाले ते आमच्या गाडीचे ड्रायव्हर. सगळा डेपो त्यांना उस्ताद म्हणतो. आम्ही इतकी वर्षं एका गाडीवर, पण आमचं बोलणं काय ते बेलवरच. एक बेल म्हणजे थांबा, दोन म्हणजे चला, आणि घाईघाईने चार-पाच म्हणजे कोणाची तरी पिशवी दारात अडकलीय. पहिल्या दिवशी त्यांनी मला आपल्या सीटवर बसवलं. समोर बघतो तर काय, रस्ता! अहो मामा, मी हा रस्ता कधी पाहिलेलाच नव्हता. मला तो माणसांवरून कळायचा. शिंपी पिशवी आवरायला लागला की पूल आला, नर्सबाई जांभई देत उठल्या की दवाखाना, मास्तरांनी चष्मा खिशात घातला की डावीकडचं मोठं वळण. आता रिकाम्या गाडीत ना शिंपी ना मास्तर. वळण आलं कधी आणि गेलं कधी, मला पत्ताच नाही. उस्तादांनी मध्ये हात घालून चाक फिरवलं म्हणून निभावलं, नाहीतर आम्ही दोघं थेट फर्निचरच्या दुकानात सोफ्यावर जाऊन बसलो असतो. गाडी बाजूला घ्यायला लावून त्यांनी फक्त घाम पुसला. आधी स्वतःचा आणि मग माझा.

हळूहळू रस्त्याची ओळख झाली, क्लचने दातओठ खाणं सोडलं, गिअरही (रडतखडत का होईना) पडायला लागले. पण एक खोड जाईना. इंजिन सुरू, गिअर टाकलेला, समोर रस्ता मोकळा, आणि मी आपला बसून! कशाची वाट बघतोय ते मलाही कळायचं नाही. शेवटी उस्ताद उठून मागे गेले आणि त्यांनी दोरी दोनदा ओढली. बेल वाजली, आणि गाडी लोण्यासारखी सुटली. डबल बेल ऐकल्याशिवाय गाडी हलता कामा नये, हे माझ्या हाडात इतकं मुरलंय, की डोक्याने सांगून पायाला पटत नाही. उस्तादांनी तेव्हाच कपाळाला हात लावला होता. मीच म्हटलं, परीक्षेच्या दिवशी होईल सगळं ठीक.

परीक्षेच्या दिवशी काय व्हायचं ते झालं. परीक्षा घेणाऱ्या बाई माझ्याच वयाच्या, अगदी शांत. आवाज चढवणाऱ्या माणसाची मला भीती वाटत नाही (रोज गर्दीच्या वेळी मीच चढवतो), पण शांत माणूस दिसला की माझी पाचावर धारण बसते. बाई शेजारी बसून म्हणाल्या, चला. मी हो म्हटलं आणि बसून राहिलो. त्या पुन्हा म्हणाल्या, चला. मी पुन्हा हो म्हटलं. शेवटी त्यांनी गाडीत काही बिघाड आहे का असं विचारलं, तेव्हा मी मनातल्या मनात टण् टण् केलं आणि निघालो. पुढे गाडी सुरेख चालवली, मामा, देवाशपथ! फक्त वाटेत लागलेल्या प्रत्येक स्टॉपवर थांबलो. एका स्टॉपवर माणसं होती, ती चढलीसुद्धा. बाईंनी त्यांना खाली उतरवलं आणि मग मलाही.

घरी हिने मनावर घेतलं. जेवणाच्या टेबलाची खुर्ची भिंतीकडे तोंड करून मांडली, माझ्या हातात चाक म्हणून परात दिली आणि स्वतः पळी घेऊन मागे उभी राहिली. ती पातेल्यावर दोन ठोके द्यायची, मी निघायचं. मग एक ठोका, मी निघायचं. मग ठोकाच नाही, तरी मी निघायचं. ही औषधासारखी बेलची मात्रा कमी करत गेली आणि मी सुधारत गेलो. आमची लेक कॉलेजातून मैत्रिणींना घेऊन आली, तेव्हा तिचा बाप परात फिरवत भिंतीला सांगत होता, पुढे सरका, पुढे सरका. ती मैत्रिणींना म्हणाली, बाबा कामात आहेत, आपण गच्चीवर जाऊ. पोर गुणाची आहे हो.

दुसऱ्या परीक्षेला बाई चला म्हणाल्या आणि मी निघालो! एकही स्टॉप घेतला नाही. हात दाखवणाऱ्या एका म्हातारबाबांना काळीज घट्ट करून तसंच मागे टाकलं. (ते मला काय म्हणाले ते आरशात नीट दिसलं.) उरलं फक्त आवारात गाडी मागे घेणं. दोन लाल पिंपं, त्यांच्या मधोमध गाडी रिव्हर्समध्ये न्यायची. आता आमच्यात पद्धत अशी, की गाडी मागे घ्यायची म्हटलं की कंडक्टरने खाली उतरायचं, मागे जाऊन पत्र्यावर थाप मारायची आणि येऊ द्या, येऊ द्या, असं ओरडायचं. माणूस खाली उतरल्याशिवाय गाडी तसूभर मागे घ्यायची नाही, हा डेपोचा नियम आहे. मी तो जन्मात मोडला नाही, आणि त्या दिवशीही मोडला नाही. बाई म्हणाल्या, मागे घ्या. मी हँडब्रेक ओढला, दार उघडलं, खाली उतरलो, मागे गेलो, दोन्ही पिंपं नजरेने मापली आणि पत्र्यावर खणखणीत थाप मारली. येऊ द्या, येऊ द्या! गाडी ढिम्म. पुन्हा थाप. येऊ द्या, भरपूर जागा आहे! गाडी जागची हलेना. तेव्हा मामा, मी चिडलो. इतकी वर्षं उस्तादांना कधी शब्दाने दुखावलं नाही, पण त्या दिवशी तोंडातून निघून गेलं, "झोपलात की काय तिथे?" तेवढ्यात खिडकीतून बाईंचं डोकं बाहेर आलं. त्यांनी विचारलं, "तुम्ही कोणाला सांगताय?"

परीक्षा बघायला आलेले उस्ताद माझ्या शेजारी, लिंबाखाली उभे होते. मी त्यांच्याकडे बघितलं. ते आभाळाकडे बघत होते.

हसलात ना? हसा. सगळा डेपो हसला. रात्रपाळीवाल्यांना चुकल्यासारखं वाटू नये म्हणून मीच त्यांना पुन्हा करून दाखवलं. पण मामा, घरी आलो आणि भिंतीकडे तोंड करून त्याच खुर्चीत बसलो. हिने ताट वाढलं, तर ते मी परातीसारखं दोन्ही हातांनी धरून बसलो. या वयात नवं काय शिकणार? मला दोनच गोष्टी येतात, तिकीट फाडणं आणि माणसांना जागा करून देणं, आणि दोन्हींची आता कोणाला गरज नाही. मला भीती वाटते. तुमच्याखेरीज कोणाला हे सांगू शकत नाही. असो. देव सगळ्यांना बघतो, तसा मलाही बघेल. (दोन्ही परीक्षा त्याने बघितल्याच असणार.)

तब्येतीला जपा. मामींना नमस्कार आहेच, तुमच्या पत्त्यांच्या मंडळालाही सांगा. पत्र लांबलं, पोटात घाला.

तुमचा,
भाचा (सध्या ना धड कंडक्टर, ना धड ड्रायव्हर)

ता. क. : मुद्द्याचं राहूनच गेलं. तिसरी परीक्षा येत्या गुरुवारी सकाळी आहे. बाईंनी निरोप दिलाय, की या वेळी गाडीत माणसं भरून आणा. म्हणाल्या, आत माणसं असली तर निदान त्यांना टाकून तुम्ही खाली उतरणार नाही. माझं सगळ्यांना विचारून झालं. मेव्हण्याची दाढ गुरुवारी दुखणार आहे. चुलतभावाला गुरुवारी काहीतरी काम आहे, काय ते तो विचार करून कळवणार आहे. शेजारचे विमा एजंट येतो म्हणाले, पण आधी सगळ्या प्रवाशांचे विमे उतरवूया म्हणाले. तेव्हा तुम्ही आणि मामी येऊन माझ्या गाडीत बसाल का? पत्त्यांचं मंडळ आलं तर फारच उत्तम. तुम्हाला गाडी लागते हे मला ठाऊक आहे, पण मी इतकी सावकाश चालवतो, की उलटी व्हायला वेगच मिळणार नाही.

ता. क. दुसरा : नाही जमलं तरी मला वाईट वाटणार नाही. हे खोटं आहे.

मामा, मामी, सूनबाईचा नमस्कार. पत्र टाकायला माझ्याकडे दिलंय, म्हणून पाकीट उघडून चार ओळी लिहिते. यांना कळवू नका. हे घरच्या माणसांना विचारत फिरले, मी गाडीच्या माणसांना विचारलं. पेठेच्या स्टॉपवर एक आजी असतात, त्यांना हे रोज हात धरून उतरवतात. मी फक्त त्यांच्या कानावर घातलं. त्या म्हणाल्या, मला पुढची सीट पाहिजे. दोन दिवसांत सगळ्या रूटवर बातमी पसरली. भाजीवाल्या बाई गुरुवारी गाडा लावणार नाहीत, बँकेतल्या दोघांनी रजा टाकलीय, आणि लोक घरी येऊन विचारताहेत की उभं राहिलं तर चालेल का. उस्ताद म्हणतात, एवढी माणसं पाठीशी असली की हा बरोबर नेईल. मलाही तसंच वाटतं. तुम्ही मात्र नक्की या. यांना तुम्ही दिसायला हवेत. खिडकीजवळच्या दोन जागांवर मी सकाळीच रुमाल टाकून ठेवते. पण लवकर पोचा हं. ही माणसं रुमाल उचलतात आणि बसतात.