हे गाव सापडलं नाही

१६ एप्रिल, बुधवार

परत! साइट सकाळी अकराला चालू, साडेअकराला बंद, बाराला पुन्हा चालू. तिकिटांच्या काउंटरवरून योगिता ओरडली, "हर्षदा, बऱ्हाणपूर गेलं!" जणू बऱ्हाणपूर मीच पर्समध्ये घालून पळवलंय. मी माझ्या मशीनवर बऱ्हाणपूरचं पान उघडलं तर लगेच उघडलं. थांबे, वेळा, रिकाम्या सीटा, सगळं जागच्या जागी. तिच्या फोनवर मात्र तीच लाल पट्टी: "हे गाव सापडलं नाही." ही ओळ माझीच. दोन वर्षांपूर्वी बस-बुकिंगची ही साइट बनवली तेव्हा लिहिली होती. तेव्हा सभ्य वाटली, आता डोक्यात जाते.

"माझ्याकडे चालतंय," मी म्हणाले. वाल्मिकभाऊ केबिनमधून बाहेर आले. गाड्या त्यांच्या, ऑफिस त्यांचं, त्यामुळे आवाजही त्यांचाच मोठा. "तुझ्याकडे चालून काय उपयोग? गाडीत तुला बसायचंय का?"

आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, चौदा दिवसांवर आली. बमरोली, पांडेसरा, उधना, सुरतेतल्या आमच्या निम्म्या बायका खानदेशात माहेरी निघणार. त्या फोनवर गावाचं नाव लिहिणार आणि आमची साइट त्यांना सांगणार, बाई, तुमचं गावच नाही! शोधून काढीन. काढीनच.

१७ एप्रिल, गुरुवार

दिवसभर लॉग वाचला. लॉग म्हणजे सर्व्हरची वही. कोणी काय मागितलं, काय मिळालं नाही, किती वाजता. आमच्याकडे प्रत्येक गावाची एक छोटी फाइल आहे, गावाच्याच नावाची, मराठीत. कोणी गाव लिहिलं की पान त्या नावाची फाइल उचलून आणतं. इतकं साधं. आणि वही म्हणते, अशी फाइलच नाही! अगं, आहे ना! मला समोर दिसतेय!

तेही नेहमी नाही. त्याच फोनवरून, तेच गाव, एकदा मिळतं, एकदा नाही. कायमचं बिघडलेलं मी दहा मिनिटांत दुरुस्त करते. हे मधूनच बिघडणारं मात्र जीव खातं. बघायला जावं तर शहाण्यासारखं वागतं.

वहीत एक चिवट माणूस सापडला. नेहमी दुपारी अडीचच्या सुमारास तऱ्हाडी मागतो. मिळत नाही. लगेच पुन्हा मागतो. मग सोडून देतो, आणि दोन-तीन दिवसांनी परत अडीचला हजर. कोण ते कळत नाही. मोबाइल नंबर आम्ही विचारतो, पण तो नोंदला जातो पान उघडल्यावर. फसलेल्यांचे नंबर ठेवायचं मला सुचलंच नव्हतं.

घरी आईला सांगितलं. ती साडीला स्टोन चिकटवत बसली होती. म्हटलं, "तुझ्या गावचा एक येडा सारखा अडीचला साइटवर येऊन डोकं आपटतो." तऱ्हाडी तिचं माहेर. आमच्या गल्लीतच तऱ्हाडीची पाच घरं आहेत, त्यातलाच कोणी असेल. आईने मान वर केली नाही. "ऱ्हाऊ दे त्याले," म्हणाली. थोड्या वेळाने, "आनी ते सुरू कव्हय व्हई?" म्हटलं, होईल गं. तिलाही माझ्या नोकरीची काळजी लागलीय.

१८ एप्रिल, शुक्रवार

जिंकले!! फाइल कुठे ठेवलीय त्याचा पत्ता मी कोडमध्ये अर्धाच दिला होता. आता थेट मुळापासून पूर्ण पत्ता दिला. सर्व्हर बंद करून चालू केला. माझ्या मशीनवर बऱ्हाणपूर चाळीस वेळा उघडलं. चाळीस! भाऊंना जाऊन सांगितलं, तर "बरं" म्हणाले. नुसतं बरं! असू दे.

१९ एप्रिल, शनिवार

नाही जिंकले.

आणि फसलं कधी, तर नेमके गोपालसर समोर बसलेले असताना. हे सुरतेच्या श्रीमंत भागातले, वेसूचे. भाऊंची त्यांच्याशी कुठल्याशा लग्नात ओळख झाली. मोठ्या ऑफिसात ॲप बनवतात. भाऊंनी आपल्या फोनवर कुऱ्हा लिहिलं आणि लाल पट्टी! गोपालसरांनी माझा कोड दोन मिनिटं वरखाली केला आणि हसले. "फाइल का नाम मराठी में कौन रखता है, बेन? सब इंग्लिश में करो. साइट भी. प्रॉब्लम खतम."

मी म्हणाले, आमचे लोक मराठीत लिहितात. तर म्हणे, "सीख जाएँगे."

भाऊंनी सगळ्यांसमोर सांगून टाकलं. शुक्रवारपर्यंत नीट झालं तर ठीक, नाहीतर शनिवारपासून सरांची माणसं साइट बघतील, इंग्रजीत, आणि हर्षदा काउंटरला बसेल. मी मान हलवली. बाथरूममध्ये जाऊन नळ सोडला आणि रडले, तेही लिहून टाकते. पण पाच मिनिटंच.

फाइलींच्या नावाबद्दल गोपालसर अगदीच चूक नाहीत. आत इंग्रजी नावं असती तर कदाचित ही भानगड झाली नसती, आणि हेच जास्त झोंबतंय. पण माणसांनी का शिकावं? पालिकेच्या मराठी शाळेत सातवीपर्यंत शिकून मी मशीनला मराठी वाचायला लावलं. आता माझ्या आईने तुमच्यासाठी इंग्रजी शिकायचं? गेल्या दिवाळीत तिला एका बोटाने मराठी लिहायला शिकवलं, तेव्हा आपलं नाव, सरलाबाई, लिहून दिवसभर बघत होती. काउंटरला बसणार नाही. साइट देणार नाही.

२० एप्रिल, रविवार

आज लॅपटॉपला हात लावायचा नाही असं ठरवलं होतं. लावला. काही सापडलं नाही.

२१ एप्रिल, सोमवार

योगिताशी भांडण झालं. चूक माझी की तिची, अजून कळत नाही.

मी म्हणाले, माझ्या मशीनवर कधीच फसत नाही, तुझ्या फोनवर फसतं, म्हणजे तू नाव चुकीचं लिहितेस. तर ती उठून उभीच राहिली. "मी कुऱ्ह्याची आहे. माझ्या गावाचं नाव मला लिहिता येत नाही?" आणि फोन माझ्या नाकासमोर धरला. कुऱ्हा. बरोबरच लिहिलेलं. खाली लाल पट्टी. मी तरी म्हणाले, काहीतरी गडबड करतेस तू. समोर तिकिटाला माणसं उभी होती. मग चहाही ती एकटीच प्यायली.

कागदावर लिहिलं की माझं डोकं चालतं, म्हणून इथेच यादी करते.

फसणारी गावं: बऱ्हाणपूर, तऱ्हाडी, कुऱ्हा, कुऱ्हाड.
कधीच न फसणारी: शिरपूर, चोपडा, पारोळा, अमळनेर, दोंडाईचा, नंदुरबार, दहिवद.

लांबची फसतात? छे, तऱ्हाडी तर शिरपूरच्याच गाडीचा थांबा. छोटी गावं? बऱ्हाणपूर छोटं नाही. फसणाऱ्या सगळ्यांत ह आहे! पण मग दहिवदमध्येही आहे, आणि ते बिनतक्रार उघडतं. काय आहे या चौघांत?

२२ एप्रिल, मंगळवार

फाइली उघडायचे हक्क, म्हणजे परमिशन, तपासले, साठवलेली जुनी पानं पुसली, सर्व्हरवाल्या कंपनीला फोन केला. त्यांचा माणूस म्हणाला, "हमारी तरफ से सब ओके है, मैडम." जगात सगळ्यांच्या तरफ से सगळं ओके आहे.

संध्याकाळी गल्लीतल्या बायका आमच्या ओट्यावर बसून कोण कधी निघणार ते ठरवत होत्या. सुषमाकाकूने आईला विचारलं, "सरलाबाई, तुमी जातंस का औंदा?" दरवर्षी विचारते आणि दरवर्षी तेच उत्तर मिळतं. "माले कसानं माहेर! तठे मनं कोनीच नही."

अकरा वर्षं झाली. आजोबा गेले तेव्हा निरोप आला आणि आई मिळेल त्या गाडीने निघाली. पोहोचली तर सगळं उरकलेलं. शेवटचं तोंडही दिसलं नाही. मामा बोलून गेला, "सुरतवालासनी वाट कोन देखी?" आई उंबऱ्यावरूनच परत फिरली. त्यानंतर मामाचे किती फोन आले, ती घेत नाही. माझा हट्टीपणा कुठून आला हे मला कोणी सांगायला नको.

मीही विचारायचं सोडलंय.

२३ एप्रिल, बुधवार

सापडलं. सापडलं! घाईत लिहितेय, अक्षर वाईट येणार.

दुपारी डबा खाताना ही वही काढली. परवाची यादी पुन्हा वाचली, मग उगाच खाली पुन्हा लिहायला लागले. बऱ्हाणपूर. तऱ्हाडी. कुऱ्हा. कुऱ्हाड. प्रत्येक नावात पेन एकाच जागी थांबून वळलं! तो अर्धा र! शाळेत उज्ज्वलाबाई शिकवायच्या, एक र डोक्यावर बसतो, एक पायात अडकतो, आणि हा एक बाजूला आडवा पडतो, याला विसरू नका. मी विसरले होते. हा र गुजरातीत नाही, हिंदीत नाही. गोपालसरांच्या इंग्रजीत तर नाहीच. म्हणून तर कुणाला दिसला नाही!

धावत काउंटरवर गेले. योगिताला म्हटलं, बऱ्हाणपूर लिहून मला पाठव. तिने मान फिरवली. म्हटलं, पाया पडते, पाठव. पाठवलं. माझं आणि तिचं शेजारीशेजारी ठेवलं. डोळ्याला एकदम सारखं, काना-मात्रेचा फरक नाही. मग मशीनला विचारलं, तुझ्या मापात, बाइटमध्ये, लांबी किती? तिचं सत्तावीस, माझं तीस!

म्हणजे हा आडवा र मशीनच्या पोटात दोन तऱ्हांनी लिहिता येतो. एक जुनी, एक नवी. जुन्या तऱ्हेत मागे एक अदृश्य चिन्ह चिकटतं, दिसत नाही पण मोजलं जातं. फोनवर अक्षरं जुळवून लिहिलं की नवा र येतो. फोननेच सुचवलेला शब्द उचलला तर कधी जुना येतो. म्हणून कधी चालतं, कधी नाही! मशीनसाठी ती दोन वेगळी गावं होती.

आणि जुना र कोणाचा? माझा. कॉलेजात असताना टाकलेलं टायपिंगचं सॉफ्टवेअर मी अजून वापरते. सगळ्या फाइलींची नावं त्यातूनच लिहिलेली. योगिताचं बरोबर होतं, तिच्या फोनचं बरोबर होतं. आठवडाभर सगळ्या जगाशी भांडले आणि चूक माझ्याच बोटांत होती.

काउंटरवर, माणसं उभी असतानाच, म्हणाले, "योगिता, तुझं बरोबर होतं. मी चुकले." भांडण चारचौघांत केलं होतं, मग माफी कोपऱ्यात कशी मागणार? ती म्हणाली, "चहा सांग. आणि खारी." तीन खाऱ्या खाल्ल्या तिने, माझ्याकडे बघत बघत.

२४ एप्रिल, गुरुवार

दुरुस्त केलं. कोणी कसाही र लिहो, आत शिरताना दारातच तो एका तऱ्हेचा होतो, मग फाइल शोधली जाते. चौदा ओळी, बस. चारही फाइलींची नावं नव्याने लिहिली. मराठीतच. मुद्दाम! सुचवलेला शब्द घेऊन, अक्षरं जुळवून, योगिताच्या, भाऊंच्या, ड्रायव्हरच्या फोनवर, जो हाताला लागला त्याच्यावर तपासलं. एकदाही लाल पट्टी नाही.

तरी "जिंकले" लिहिणार नाही. मागच्या वेळी लिहिलं तर काय झालं!

२५ एप्रिल, शुक्रवार

गोपालसर आले. मी त्यांना दोन्ही बऱ्हाणपूर दाखवले, सत्तावीस आणि तीस. त्यांनी स्वतः पुन्हा मोजून पाहिलं. मग म्हणाले, "ऐसा भी होता है?" मी म्हटलं, "मराठीत होतं, सर." फाइलींना आत नुसते नंबर द्यायचं त्यांनी सुचवलं. चांगलं आहे, आखाजीनंतर करीन. चांगल्याला चांगलं म्हणायला माझं काही जात नाही. पण माणसं गाव मराठीतच लिहिणार.

भाऊंनी आपल्या फोनवर कुऱ्हा लिहिलं. उघडलं. पुन्हा लिहिलं. उघडलं. मग केबिनमध्ये जाताना म्हणाले, "काउंटरला योगिता एकटी पुरी से." एवढंच बोलले. बाई, पण मी जी हसले!

आईला सांगितलं, सुरू झालं. "सगळी गावं?" तिने विचारलं. सगळी, म्हटलं. तिने स्टोनची डबी बंद केली आणि पुन्हा उघडली.

२६ एप्रिल, शनिवार

दुपारी दोन बत्तीसला कोणीतरी तऱ्हाडी मागितलं. उघडलं. या वेळी नंबर नोंदला गेला.

आईचा नंबर.

सीट घेतली नाही. चार मिनिटं पान उघडं ठेवलं आणि बंद केलं. मी सर्व्हरची वही मागे मागे नेली, पार मार्चपर्यंत. अडीचच्या सुमाराची तऱ्हाडी एकोणीस वेळा. अकरा वर्षं नाही म्हणणारी बाई एका बोटाने आपल्या गावाचं नाव लिहीत होती, आणि एकोणीस वेळा मीच तिला सांगत होते: हे गाव सापडलं नाही.

अठ्ठावीस तारखेची शिरपूर गाडी, तऱ्हाडीपर्यंत, सीट सात, खिडकीची. सरलाबाई. बुक केली. आता घरी जाऊन तिच्याशी भांडते.