डोहापर्यंत गाडी जात नाही

बाबा, तुमच्या नावाची पाटी अजून शाबूत आहे. नदीकाठच्या पाणीयोजनेच्या विहिरीवर, मंत्र्याच्या नावाखाली, पांढऱ्या दगडात. विहीर मात्र होळीनंतर कोरडी पडते. मग टँकर येतो आणि बायांच्या रिकाम्या गुंड-कळशांकडे ढुंकूनही न बघता सगळं पाणी त्या विहिरीत ओततो. तिथून पंप ते टाकीवर चढवतो, टाकीतून ते गळक्या पाइपातून गावागावात निघतं आणि उरलंसुरलं नळाला येतं. असं केलं की योजना सुरू असल्याचं वर कळवता येतं. आसपासच्या गावांना पाणी पाजायला तुम्ही योजना आणलीत, आता तिलाच पाणी पाजावं लागतं. एवढा बिनडोकपणा एकट्या माणसाला जमत नाही, पण सुरुवात तुमची.

विहिरीची जागा ठरली तो दिवस मला पक्का आठवतो. योजनेचे साहेब आले होते. आईने सकाळपासून पाटवड्या थापल्या, रश्शाचा ठसका पार रस्त्यापर्यंत गेला होता. मी शाळा बुडवून वाढायला उभी. साहेब पानावरून विचारतात, बारमाही पाणी कुठे असतं? आणि तुम्ही सरपंचकीच्या थाटात म्हणता, "डोह हाये ना साहेब, पन डोहापातुर गाडी जात नाही. उद्घाटनाले मंत्री का चिखल तुडवत येईन?" मग हात धुवायला बाहेर आलेल्या साहेबांना तुम्ही अंगणातूनच बोटाने रस्त्यालगतची जागा दाखवता. नदीकडे कोणी गेलंच नाही. मी म्हटलं, "बाबा, तिथं तं उन्हाळ्यात नदीतच आम्ही लंगडी खेळतो." तुम्ही वळून पाहिलंत. "तुले कोनं इचारलं? भाजी वाढ." साहेब हसले. मी भाजी वाढली.

डोहावर आपल्या संत्र्याच्या बागेची मोटर होती, हे साहेबांना ठाऊक नव्हतं. गावाला होतं, पण गाव तुमच्याकडून दाखले घेत होतं. पुढे विहीर आटली तेव्हा तुम्ही नदीचाच दोष काढलात. ती उथळ आहे म्हणे, खोल करा. पोकलेन आणून सगळी रेती उपसलीत, ती कुठे गेली ते कोणी विचारायचं नाही. पाणी धरून ठेवणारी रेतीच गेल्यावर पाऊस पडला की नदी धावत सुटायची आणि दिवाळीपर्यंत रिकामी. काठावरच्या चांगल्या विहिरीही तुम्ही कोरड्या पाडल्यात. तरी त्या वर्षी बोरी अरबच्या बाजारात लोक तुम्हाला थांबवून नमस्कार करत होते. मला त्या लोकांचीही कीव येत नाही.

आता नवी आखणी झाली. या वेळचे साहेब पायी डोहापर्यंत गेले, त्यात त्यांचं काही कौतुक नाही, तेच त्यांचं काम. त्यांना नवी विहीर तिथेच हवी. म्हणजे आपली मोटर काढायची, वावरातून रस्ता द्यायचा, आणि निम्मी बाग तरी वाळणार. तुमच्यामागे आज ही बाग मी करते, घर तिच्यावरच चालतं. मी महिनाभर उत्तर दिलं नाही. मग शेजारची म्हातारी दारात रिकामी कळशी घेऊन आली आणि एवढंच म्हणाली, "बाई, तूबी गाडी जात नाही म्हनशीन का?" दुसऱ्या दिवशी मी मोटर काढली.

काल ग्रामसभेत मी विहिरीला जागा आणि रस्ता लिहून दिला. मला वाटलं, आता तरी कोणी उठेल आणि इतकी वर्षं तुम्ही काय केलंत ते माझ्या तोंडावर बोलेल. उठला एक जण. म्हणाला, "काई म्हना, पानी देल्लं तं आखीर सरपंचाच्याच वावरानं देल्लं. नव्या विहिरीले त्यायचंच नाव देऊ." सगळ्यांनी हात वर केले. त्या म्हातारीनेसुद्धा. आता तुमच्या दोन पाट्या होतील, आणि दुसरीखाली पाणी असेल.

हे पत्र पाठवायला पत्ता नाही. असता तरी पाठवलं नसतं, कारण एक गोष्ट तुम्हाला कळायला नको आहे. तुमचं नाव घेतल्यावर सभेत टाळ्या वाजल्या, तेव्हा मीही वाजवल्या, आणि मला बरं वाटलं.