डावीकडे चालणारा बाहुला

४ फेब्रुवारी

ती. स्व. मामांस,
भिंगरीचा सा. न. वि. वि.

घरी सुखरूप पोचले. फोनवर आपण दोघं तिसऱ्या वाक्याला भांडतो, म्हणून पत्र. अर्धांगाच्या झटक्यातून उठून तुम्ही खोलीच्या दारापर्यंत चालत आलात, हे पाहून जीव भांड्यात पडला. पण ज्या डाव्या हातानं तुम्ही मला तारांना कथलाचा डाग द्यायला शिकवलंत, तो तुम्ही उशीवर नुसता ठेवून दिला होता. निघताना मामीनं सांगितलं की गेम दुरुस्तीचं दुकान एक तारखेला शेजारच्या चष्मेवाल्याला देऊन टाकणार आहात.

सोबत ऑफिसातला एक हातात धरून खेळायचा गेम पाठवतेय. असे गेम दिवसभर खेळून त्यातल्या चुका शोधायच्या हीच माझी नोकरी, त्यामुळे साहेबांनी लगेच न्यायला परवानगी दिली. नाक मुरडू नका. टीव्हीला जोडायच्या मोठ्या यंत्रापुढे हा पोरखेळ आहे, हे तुमचं मत मला तोंडपाठ आहे. डाव्या अंगठ्याखालच्या दांडीनं बाहुल्याला पुलावरून पलीकडे न्यायचं, रोज पंधरा मिनिटं, एवढंच करा.

लोभ आहेच, तो या पार्सलमुळे कमी होऊ देऊ नये.

तुमची भिंगरी

१४ फेब्रुवारी

चि. भिंगरीस अनेक आशीर्वाद.

मी सांगतोय, मामी लिहितेय. पार्सल मिळालं. तीस वर्षं मोठी यंत्रं उघडून त्यांची पोटं साफ केलीत, तेव्हा माझं ऐक. मोठ्या यंत्राला मोठा पंखा असतो, भिंतीतली वीज असते, समोर चार माणसं दाटीनं बसून एकमेकांना कोपरं मारू शकतात. तुझं हे यंत्र अर्ध्या तासात तापतं, दोन तासांत मान टाकतं, आणि पडद्यावरची अक्षरं वाचायला चष्म्यावर चष्मा लागतो. ते काय टक्कर देणार?

तरी तुझ्या शब्दाखातर आठवडाभर खेळलो. बाहुला पुलावर चढतो आणि डावीकडे जाऊन पाण्यात पडतो. दर वेळी. मला वाटतं अंगठा नुसता टेकवलाय, पण तो नकळत रेटत असणार. त्याचं त्यालाच कळत नाही, तर मला कुठून कळणार? बारीक कामाचा हात होता हा. असो, शंका फिटली. चष्मेवाल्याला एक तारखेला किल्ली न्यायला बोलावलंय.

तुझ्यावर राग नाही, लोभ आहे तेवढाच आहे.

मामा

ता. क. हे मी माझ्या मनानं लिहितेय. यांनी परवापासून यंत्र उशीखाली पालथं घालून ठेवलंय. लवकर लिही. मामी.

२० फेब्रुवारी

ती. स्व. मामांस,
सा. न. वि. वि. आणि सगळ्यात आधी माफी.

तुमचं पत्र वाचून मी ऑफिसातच रडले. मग डोळे पुसून कामाला बसले. कपाटात एक बिघडलेलं यंत्र होतं. त्याची डावी दांडी झिजलीय, बोट न लावताही बाहुला डावीकडे जातो. ते तपासायला काढलं, पुलावर बाहुला सोडला, तर तो नाकासमोर चालत पलीकडे गेला. मामा, दोन्ही यंत्रं एकाच रंगाची. बिघडलेल्यावर लाल टिकली चिकटवायची माझी राहून गेली, आणि पार्सलच्या घाईत मी तुम्हाला तेच पाठवलं.

गिऱ्हाइकानं अशी तक्रार आणली असती तर तुम्ही आधी यंत्र उघडून पाहिलं असतं. स्वतःच्या वेळी मात्र सगळा दोष हाताच्या माथी मारून मोकळे झालात. याचा मला माझ्या चुकीपेक्षाही जास्त राग आलाय.

चांगलं यंत्र सोबत आहे. बिघडलेलं परत पाठवा. मला हवं तेवढं बोला, पण किल्ली देऊ नका.

तुमच्या लोभावर हक्क सांगणारी,
भिंगरी

३ मार्च

चि. भिंगरीस अ. उ. आ.

मामी शेजारी बसलीय, पण पेन माझ्या हातात आहे. डाव्या.

तुझं पत्र वाचून आधी तुला यथेच्छ शिव्या घातल्या. मग पहिलं यंत्र गादीवर ठेवून दोन्ही हात मागे घेतले. बाहुला आपला चाललाच आहे डावीकडे. तीस वर्षांचा कारागीर मी, आणि एवढं साधं करून पाहिलं नाही. माझी मलाच लाज वाटली.

चांगलं यंत्र खोक्यातच ठेवलं आणि बिघडलेलं उघडायला घेतलं. स्क्रू तिळाएवढे. उजव्या हातात स्क्रूड्रायव्हर, आणि चिमट्यानं स्क्रू धरायचं काम डाव्याला दिलं. एक स्क्रू अकरा वेळा पडला. मामी लोहचुंबक घेऊन पलंगाखाली रांगत होती आणि तेव्हा ती आपल्या दोघांबद्दल जे बोलली ते पत्रात लिहिण्यासारखं नाही. तीच बाजारातून नवी दांडी घेऊन आली. चौथ्या दिवशी दांडी नीट बसली आणि बाहुला पुलापलीकडे गेला. मी हसत होतो आणि मामी डोळे पुसत होती.

मोठं यंत्र ते मोठंच, त्यात माघार नाही. पण गेले दोन महिने ते बैठकीच्या खोलीत बसून होतं आणि मला तिथवर जाववत नव्हतं. हे उशीपर्यंत चालून आलं. टक्कर म्हणायची तर ही.

चष्मेवाला एक तारखेला आला होता. त्याला चहा पाजला आणि किल्लीऐवजी जवळचं दिसायच्या चष्म्याची ऑर्डर दिली. दुकानाच्या पाटीवर 'टीव्हीवरचे गेम दुरुस्त करून मिळतील' असं आहे ना, त्याखाली रंगाऱ्यानं काल एक शब्द वाढवला: 'हातातलेही'.

बिघडलेलं यंत्र परत मागितलंस. पण ते आता बिघडलेलं नाही, तेव्हा काय पाठवू ते कळव. चांगलं मात्र मागू नकोस, ते मामीच्या हातातून सुटत नाही.

अक्षर डावीकडे कलतंय. या खेपेला दोष हाताचाच आहे, पण तो दुरुस्तीला घेतलाय.

लोभ वाढता ठेव.

मामा