बाळासाठी निळं पांघरूण

३ जून

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तुझे गुडघे काय म्हणतात? मी ठणठणीत आहे, डोळे सोडून. ते दिवसेंदिवस दगा देताहेत. भर उजेडातही निळा आणि काळा एकच वाटतो. लेकीला यातलं काही ठाऊक नाही, तूही तोंडाला कुलूप लाव. बाळ झालं की सांभाळायला मीच तिच्याकडे राहायला यावं असं ती म्हणते, पण जावईबापूंना शंका आहे. परवा मी चहा कपाबाहेर ओतला, तेव्हा ते नुसते बघत राहिले.

म्हणून बाळासाठी क्रोशाचं पांघरूण विणायला घेतेय. खाली गडद निळं, वर फिकट होत जाणारं. साधे खांबाचे टाकेच घालायचे, ते हात झोपेतही घालतील. रंग तेवढे तू तुझ्या दुकानातून पाठव. तुझा जन्म लोकरीत गेला, तुझ्याइतकी नजर कुणाची? लहानपणी आईच्या लोकरीला मारायचो तशा टोकाला गाठी मार. सगळ्यात गडद लडीला एक, मग एकेक वाढवत जा. ते पांघरूण पाहिलं की जावईबापूंची बोलती बंद होईल.

तुझ्या मायेची हक्कदार,
धाकटी

११ जून

प्रिय धाकटीस,
अनेक आशीर्वाद.

लोकर पाठवली आहे, गाठी घट्ट मारल्यात. आता डोळे झाकून वीण. तसंही दुसरं काय करतेस म्हणा! रागावू नकोस, थोरलीनं चेष्टा करायची नाही तर कुणी? अर्धवट काम मात्र कुणाला दाखवू नकोस, सगळी मजा जाते.

मला या महिन्यात दुकानातून निरोप देताहेत. मग खोली आणि मी. कडी वाजवणारंही कुणी नाही. तुझं बरं आहे, लेक आहे, आता नातवंड येईल.

ताईवर माया असू दे.
तुझी ताई

२ सप्टेंबर

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

बाळ घरी आलं त्या दिवशी पांघरूण दिलं. लेकीनं ते पलंगावर पसरलं. ते पाहून जावईबापू हसले. आधी आकाशी, मग एकदम काळपट, मग पुन्हा फिकट, असं काहीतरी झालंय म्हणे. लेकीनं विचारलं, तुला दिसत नाही का. मी म्हटलं, दिसतं की, मुद्दाम तसं विणलंय. माझा हात थोपटत ती म्हणाली की तू आता आराम कर, मावशी यायला तयार आहे.

उरलेली लोकर मी खालच्या मजल्यावरच्या शिवणकामवाल्या बाईंना दाखवली. एक गाठ असलेली आकाशी आहे म्हणाल्या, आणि तीन गाठींची जवळजवळ काळी. गाठी तुझ्याच हातच्या आहेत, मला बोटांना कळतं. ताई, लेकीला मी काही बोललेले नाही. घाईत झालं, एवढंच लिही. मी लगेच विश्वास ठेवीन. आणि लेकीकडे जायला तू नाही म्हण.

तुझीच,
धाकटी

२८ सप्टेंबर

प्रिय धाकटीस,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र माझ्या खोलीवरून फिरून इथे, तुझ्या लेकीच्या घरी मिळालं. घाईत झालं नाही. लडी टेबलावर मांडून, निवांत बसून गाठी मारल्या. तुला लागेल हे माहीत होतं, पण मला त्या खोलीची जास्त भीती वाटत होती. तू इथे आली असतीस तर मला कुणी विचारलं असतं?

लेकीला सांगायचं तर खुशाल सांग. फक्त आधी दिसत नाही हे कबूल करावं लागेल, आणि मग बाळ तुझ्या हाती कोण देणार?

बाळ गुटगुटीत आहे. माझ्याच मांडीवर झोपतं, दुसऱ्या कुणी घेतलं की भोकाड पसरतं. तुझं पांघरूण मी उसवलं. चांगली लोकर वाया कशाला घालवायची? पुन्हा ओळीनं विणलं, खाली गडद, वर फिकट, अगदी तुला हवं होतं तसं. जावईबापूंनी हात फिरवून तारीफ केली. बाळ मोठं झालं की त्याला सांगायचं, हे मावशीआजीनं विणलंय, असं तुझी लेक म्हणाली. मी हो म्हटलं.

डोळ्यांना जप. लोभ होता तसाच राहू दे.
तुझी ताई